लाल शेवाळाचं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, मुलाजवळ नाही, आणि ज्या दोघांजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही होत नाहीये. सुरुवात कुठून करू?

टाकीपासून करते.

आमचं घर शिक्रापूरला, हायवेपासून थोडं आत. ट्रकचे हॉर्न ऐकू येतात, पण भांडी हलत नाहीत, इतकं आत. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्याची खोली रिकामी झाली, आणि यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिथं खाऱ्या पाण्याचा फिशटँक मांडला. हे सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. पंप, पाइप, मोटर म्हणजे यांच्या हातचा मळ. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं—पण यांनी पाकिटातलं मीठ आणलं, आरओचं पाणी भरलं, वर निळा दिवा लावला, आणि समुद्रच त्या खोलीत आणला. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे होते. आणि खडकावर मऊ हिरवी कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळं, शर्टाच्या बटणांएवढी. दिवा लागला की ती एकेक करून उमलायची. खोटं का बोलू, सुरुवातीला मला त्या टाकीचा राग होता. हे कामावरून यायचे ते थेट तिच्यासमोर. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची.

आमच्यात भांडण होतं असं नाही हं. भांडण कधीच नव्हतं. बोलणंच फारसं नव्हतं.

तेव्हा आप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे होते. मूळ राहू गावचे. शेती थोरल्या दिरांकडे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले आणि मग राहिलेच. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. म्हणायचे, "टीव्हीपरीस हे बरं. हितं कुनी कुनाशी भांडत न्हाई." माझ्याशी ते कधी सासऱ्यासारखे वागले नाहीत. सकाळी मी उठायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. हे मुद्दाम सांगतेय—पुढचं ऐकताना लक्षात असू द्या.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला खडकाच्या कोपऱ्यात एक लाल झुबका दिसायला लागला. आधी चिंचेएवढा. काडी-काडीचा, पाण्यात हलणारा. हे वाकून वाकून बघायचे. टाकीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. कुणी एक नाव सांगितलं, कुणी दुसरं, कुणी म्हणालं काढून टाका, कुणी म्हणालं ठेवा, छान दिसतंय. निळ्या दिव्यात फोटो सगळे जांभळेच यायचे. मग एका संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझं बॉटनी होतं ना गं?"

माझ्या हातात कणीक होती. मला आधी कळेचना काय विचारतायत.

होतं माझं बॉटनी. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत. दौंडहून गाडीनं पुण्याला जाऊन बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.ला नाव घातलं. पहिल्या वर्षी आमच्या बाई आम्हाला कोकणात घेऊन गेल्या होत्या, समुद्रातलं शेवाळ गोळा करायला. भरती ओसरली की खडकांवर उतरायचं. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना कालवांनी कापलेलं, मिठानं चुरचुरतंय, आणि आम्ही मुली मोठमोठ्यानं नावं घेत चाललोय. मग पसरट ट्रेमध्ये पाणी घालून त्यात एकेक नमुना तरंगवायचा आणि खालून कागद अलगद वर उचलायचा. फांदी न् फांदी कागदावर पसरून बसायची. माझ्याइतकं सुबक कुणाला जमत नाही, असं बाई म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं. शिक्षण सुटलं. कुणी जबरदस्ती केली नाही—पण थांब, पुरं कर, असंही कुणी म्हणालं नाही.

आणि इतक्या वर्षांनी हे दारात उभं राहून विचारत होते.

मी हात धुऊन गेले. यांनी चिमट्यानं एक काडी काढून बशीत ठेवली. घरात पत्ते-टपाल वाचायचं भिंग होतं, ते घेतलं. काडीच्या टोकाला बाक होता. छत्रीच्या मुठीसारखा वळलेला. तिसऱ्या-चौथ्या टोकाला पुन्हा तसाच.

मला नाव आठवलं. हिप्निया. त्या बाकांनी ते दुसऱ्या शेवाळाला धरून राहतं, कोकणच्या खडकांवर आम्ही ते कितीदा तरी सोडवून घेतलं होतं. तुटलेल्या काडीपासून पुन्हा वाढतं, आजूबाजूचं सगळं झाकून टाकतं—हेही आठवलं. त्या दिवशी दोन बोटांचं काम होतं. खडक बाहेर काढायचा, झुबका उपटायचा, ब्रशनं घासायचं. संपलं.

मग मी का नाही बोलले?

हे माझ्या शेजारी बसले होते. खुर्ची ओढून, कोपर माझ्या कोपराला लागेल इतके जवळ. आणि माझ्या तोंडाकडे बघत होते—मी काय सांगते याची वाट बघत. असं यांनी कधी बघितलेलं मला आठवेना. मी म्हणाले, "सांगता येत नाही इतक्यात. बघावं लागेल."

तेवढंच. एवढंसं वाक्य.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले ते हातपाय धुऊन माझ्याकडे. "चल, बघू या." मग रोजच. कुठून तरी एक जुना मायक्रोस्कोप आणला. ब्लेडनं पातळ काप कसा घ्यायचा ते मी शिकवलं, यांच्या जाड बोटांना ते जमेना, आम्ही हसलो. मी पेशी दाखवायची, हे डोळा लावून बघायचे. आप्पा चहा करून आणायचे आणि विचारायचे, "घावलं का नाव?" मी म्हणायचे, "अजून नाही आप्पा." दर वेळी मी काहीतरी नवीन कारण काढायचे. बीजाणू दिसायला हवेत. दिवा कृत्रिम आहे म्हणून रंग बदलला असेल. जाती फार आहेत. सगळं ऐकायला खरं वाटेल असं. अभ्यासच केला होता ना मी.

ते दिवस... आता कसं सांगू? मी यांना त्या कोकणच्या सहलीचं सगळं सांगितलं. बाईंचं सांगितलं. शिक्षण सुटल्याचं सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "मला विचारायला सुचलंच नाही गं तेव्हा." लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकायला हवं होतं ते मी पन्नाशीत ऐकत होते. आजही त्या संध्याकाळी आठवल्या की छातीत ऊब येते. यायला नको खरं तर. पण येते.

आणि शेवाळ वाढत होतं. चिंचेएवढ्याचं मुठीएवढं झालं, मग खडकावरून पलीकडे गेलं. यांना ते सुंदर वाटायचं. नाव कळेपर्यंत हात लावायचा नाही, असं यांनी ठरवलं होतं. माझ्या शब्दावर.

मग मी म्हणाले की कोकणातला ताजा नमुना बघितला तर ताडून पाहता येईल. हे लगेच तयार. दोघंच कुठं गेलो नव्हतो आम्ही कधी. जायच्या आधीच्या आठवड्यात एकदा दुपारी घरात मी एकटीच होते. टाकीत हात घातला आणि तो लाल गुंता बोटानं उचलून पाहिला. खाली हिरवी बटणं पांढरी पडली होती. काही विरघळून गेली होती, बोट लागलं तसा बुळबुळीत धागा सुटला. कडेची तेवढी जिवंत होती.

मी तो गुंता होता तसा परत ठेवला. हात पुसला. कोकणात नेसायच्या साड्या काढल्या.

हे ऐकून तुम्हाला काय वाटेल ते वाटू दे. मी ते केलं.

कोकणात ओहोटीला आम्ही खडकांवर उतरलो. यांनी पँट दुमडली होती, माझा हात धरला होता. एका डबक्यात मला ते दिसलं, दुसऱ्या शेवाळाला बाकांनी धरून बसलेलं. यांनाही दिसलं. मेंटेनन्सचा माणूस, नजर तयार. ओंजळीत घेऊन माझ्यासमोर धरलं. "हेच का गं ते?"

मी नीट पाहिलं. "नाही," म्हणाले. "वेगळं आहे हे."

यांनी ते पाण्यात सोडून दिलं. पटलं यांना. का पटणार नाही?

परत आलो तर दारातच वास आला. कोरलं सडली होती, पाणी दुधाळ झालं होतं. मासे तेवढे होते, धापा टाकत. आप्पा खोलीच्या दारात उभे. म्हणाले, "पानी लई उतरलं व्हतं. म्हनलं मासं तडफडतील, म्हनून बोअरची एक बादली वतली." हे खाली बसले. आप्पांकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? इतकी वर्षं झाली, अडाणी ते अडाणीच राहिलात." शेजारच्या काकू वास कसला म्हणून आल्या होत्या, त्यांच्यासमोर. आप्पांनी हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि ती न वाजवता खाली ठेवली.

मी तिथंच होते. बॅग अजून खांद्यावर होती. बोअरच्या एका बादलीनं एवढं होत नाही, हे मला माहीत होतं. कोरलं त्या शेवाळाखाली आधीच मेली होती, हे फक्त मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागोमाग बाकीचं सगळं आलं असतं—भिंग, मायक्रोस्कोप, ती ओंजळ. मी आत जाऊन खिडक्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा एसटीनं राहूला गेले. थोरल्याकडे उसाला पाणी द्यायला माणूस नाही, असं म्हणाले. हे त्यांना सोडायला स्टँडवर गेले नाहीत. आठवड्यानं फोन केला, बोलले, माफीही मागितली असेल. पण आप्पा परत राहायला आले नाहीत. मासे यांनी कारखान्यातल्या एकाला दिले, टाकी विकून टाकली. शेवाळ मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मायक्रोस्कोप माळ्यावर आहे. हे पुन्हा कामावरून येतात, जेवतात, मोबाइल बघतात. एकदा सहज म्हणाले, "ते लाल काय होतं, शेवटी कळलंच नाही." मी हं म्हणाले.

मागच्या महिन्यात भावकीतल्या लग्नाला आप्पा शिक्रापूरला आले होते. घरी आले, पण ओट्यावरच बसले. आत चला म्हटलं तर म्हणाले, "नगं, हितं वारं हाय." हे मांडवात होते. आम्ही दोघंच. आप्पांची बोटं धोतराच्या काठाशी चाळा करत होती. मग म्हणाले, "सूनबाई, माज्या हातनं लई वंगाळ झालं. पोरानं जिवापाड जपलं व्हतं. तुमी दोघं तवा किती हसायचा, चहा आनला की ऐकू यायचं मला. त्या बादलीपायी समदं गेलं."

मी त्यांच्यासमोर उभी होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. वेळ भरपूर होता.

"जाऊ द्या आप्पा," मी म्हणाले. "आम्ही कुणी मनात ठेवलेलं नाही."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "मोप बरं वाटलं, पोरी."