एका चालीचं टपाल

टपाल तिकिटांवर मी लिहावं हे जरा धाडसच आहे. जाणकारांनी माफ करावं. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि घरी टपालाने यायचं ते फक्त वीजबिल. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

मी जपानमध्ये, सेंदाईत शिकत होतो. भूकंपानंतर, त्सुनामीत घरं गेलेल्यांच्या तात्पुरत्या वस्तीत आम्ही विद्यार्थी रविवारी जायचो. तिथले एक आजोबा मला बुद्धिबळात हरवायचे आणि वर म्हणायचे, "हा खेळ तुमच्याकडचा ना? मग घोडा असा गाढवासारखा का चालवतोस?"

एकदा त्यांनी पोस्टकार्डांचा डबा उघडला. मुलीकडे होता म्हणून वाचलेला. किरगिझस्तानातल्या एका शिक्षकाशी ते टपालाने खेळायचे, एका कार्डावर एक चाल. तेव्हा तो देश सोव्हिएत संघातून नुकता स्वतंत्र झाला होता, नवी तिकिटं पुरेशी नव्हती. म्हणून जुन्या सोव्हिएत तिकिटांवरच देशाचं नाव आणि नवी किंमत छापलेली. शाळेत मित्रांना तिकिटं सोडवून द्यायचो, त्या सवयीने मी विचारलं, "पाण्यात भिजवून सुटी करून देऊ?"

"हात लावू नकोस! सुटं तिकीट काय सांगणार? कार्डावर बघ."

बघितलं. दर चढत गेले तशी तिकिटांची गर्दी झालेली, पत्ता कोपऱ्यात ढकललेला. पुढे एकाच कार्डावर तीन-तीन चाली: तू हत्ती हलवलास तर मी वजीर, प्यादं मारलंस तर उंट. टपाल महागलं की माणूस समोरच्याच्या मनातलंही आधीच लिहून ठेवतो! मला भारी नवल वाटलं. मग, त्सुनामीच्या कितीतरी आधीच, कार्डं येणं थांबलेलं.

"आमचं गाव वाहून जाताना त्याने टीव्हीवर पाहिलं असणार," आजोबा म्हणाले. "मी मेलो असं धरून बसला असेल. तसं नाही, एवढं त्याला कळायला हवं."

त्या शिक्षकाच्या शहरातल्या बुद्धिबळ क्लबला मी भीतभीतच ईमेल केला: आजोबा जिवंत आहेत, एवढं त्यांना कळवा. कित्येक रविवार काहीच नाही. आजोबा माझ्या फोनकडे बघायचे.

शेवटी उत्तर आलं. मी अडखळत जपानीत सांगितलं: शिक्षक हयात आहेत. डोळ्यांनी दिसत नाही. निरोप वाचून दाखवल्यावर बराच वेळ रडले, आणि आता तुमचा फोन नंबर मागताहेत.