काकड्याने अमेरिकेची प्रत लावली

नरपडच्या काकड्याने अमेरिका पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं, गडी तिकडे चार वर्षं काढून आलाय. त्याची धाव पूर्वेला तलासरीच्या डोंगरातल्या भावाच्या पाड्यापर्यंत, आणि पश्चिमेला तर समुद्रच आहे. तरीसुद्धा २०१९च्या जानेवारीत अमेरिकेतल्या दोन मोठ्या शहरांपैकी राहायला बरं कुठलं, याचा निकाल याच माणसाने लावला, तोही वाडीतल्या शेडमध्ये चिकूच्या ढिगाशेजारी बसून.

काकड्या दिपकशेठच्या वाडीत चाळीस वर्षं चिकू निवडतोय, म्हणजे मालाची प्रत लावतोय. मोठा, मधला, बारीक असे तीन ढीग करायचे, ते काय, कोणीही करेल. पण फळ झाडावर पुरतं तयार झालं होतं की घाईने उतरवलं, हे ओळखायला सालीवर नख ओढावं लागतं. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळट दिसलं तर तयार. काकड्याला संशय आला की तो नख लावल्यावाचून राहत नाही, आणि लावलं की जे दिसेल ते बोलतो. एकदा शेठने पेटीच्या तळाला थोडा कच्चा माल घालायला सांगितला, तर हा बाबा दोन दिवस हाताची घडी घालून बसला. शेवटी शेठनेच तो माल बाजूला काढला. तेव्हापासून या वाडीची पेटी बाजारात कोणी उघडून बघत नाही.

शेठची मुलगी हर्षदा याच शेडमध्ये रिकाम्या पेट्यांत बसून मोठी झाली. मग शिकली, अमेरिकेत गेली, आणि त्या जानेवारीत तिला एकदम दोन नोकऱ्या आल्या. एक ह्यूस्टनला, एक सॅन फ्रान्सिस्कोला. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

दिपकशेठ पडला माचिस घेतली तरी काड्या मोजून बघणारा माणूस. तो डहाणू रोडला गेला आणि घरभाडं, भाजीपाला, डॉक्टर, हवा, रहदारी, गुन्हे अशी दोन्ही शहरांची चाळीस पानं छापून घेऊन आला. आठ दिवस वाचली. एका पानावर सॅन फ्रान्सिस्को वर, दुसऱ्यावर ह्यूस्टन. तिसऱ्या पानावर दोघांच्या डोक्यावर तिसरंच कुठलं शहर बसलेलं. शेठचं जेवण तुटलं. फोनवर बापलेकीचं वाजायला लागलं, तेव्हा हर्षदा वैतागून म्हणाली, "पप्पा, तुमचा चाळीस पानांवर विश्वास नाही ना? मग काकड्याकाकाला विचारा. त्याला प्रत लावू दे."

ती म्हणाली थट्टेने. शेठने चाळीस पानं उचलली आणि थेट शेड गाठली.

"काकड्या, ते चिकू राहू दे. अमेरिका निवडायची आहे."

काकड्याने हात पुसले. त्याने आधी भाव विचारला, कारण भाव कळल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही ही त्याची रीत. शेठने डॉलरचे रुपये केले आणि रुपयांचे चिकू केले, म्हणजे याला समजेल. ह्यूस्टनला एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं भाडं महिन्याला चार टन चिकू. सॅन फ्रान्सिस्कोला तेवढ्याच जागेला बारा टन.

काकड्याने झाडांवरून नजर फिरवली. सबंध वाडी मिळून वर्षाला पंधरा टन उतरते.

"महिन्याला?" त्याने विचारलं.

"दर महिन्याला."

"आणि राहणार किती जण?"

"एकटी."

"मग बारा टनांत देतात काय तिला?"

शेठने पानं चाळली. समुद्र आहे, डोंगर आहे, बारा महिने थंड हवा आहे, माणसं शिकलेली आहेत, आणि हो, जमीन अधूनमधून हलते. हे ऐकून काकड्याला भाऊ आठवला. तलासरीकडे नोव्हेंबरपासून धक्के बसत होते. त्याचा भाऊ बायकापोरांसकट थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होता, घाबरून गेला होता बिचारा. तलासरीला जमीन फुकटात हलत होती आणि तिकडे अमेरिकेत तसल्याच हलणाऱ्या जमिनीला बारा टन. ह्यूस्टनचं काय म्हणाल तर हवा दमट, उकाडा, डास, पावसात पाणी तुंबतं. काकड्या म्हणाला, "हे तर आपलं डहाणूच झालं. एवढं लांब जायचं कशाला?"

आता यात काकड्याचं स्वतःचं काय अडकलं होतं, तेही सांगतो, कारण ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेठचं म्हणणं असं की, बारा टन भाडं भरत बसण्यापेक्षा सॅन फ्रान्सिस्कोला फ्लॅटच घ्यावा, आणि आधी भरायच्या पैशासाठी वाडीचा उत्तरेचा, समुद्राकडचा तुकडा विकावा. ह्यूस्टनला गेली तर पोरगी आपल्या पगारात घर घेईल, काही विकायला नको. आणि उत्तरेच्या त्या तुकड्यात काकड्याचं घर. बापाने बांधलेलं, कुडाचं, तीन पिढ्या त्यात राहिलेल्या. सात-बारा अर्थात शेठच्या नावावर.

त्याची बायको, नाव धाकली, त्याच दिवशी म्हणाली, "तुला सांगायला नको. ह्यूस्टन म्हण आणि मोकळा हो."

काकड्या म्हणाला, "माल बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

"मेल्या, घर जाईल."

"बघू तर दे."

मग त्याने नख लावायला सुरुवात केली. तिथे राहणीमान कसं, याचे त्याचे स्वतःचे प्रश्न होते, आणि शेठ ते एकेक करून हर्षदाला पाठवायचा. आजारी पडली तर शेजारचं कोण उठून येईल? लग्न निघालं तर पाहुणे झोपतील कुठे, नाचायला आंगण किती मोठं? माणूस गेलं तर तिरडी जिन्यावरून वळते का? आणि कोंबड्या ठेवता येतात का?

पोरगी आधी हसली. मग एकदा खरंच इमारतीच्या व्यवस्थापकांना लिहून मोकळी झाली, आणि नवल म्हणजे त्यांची सविस्तर उत्तरं आली. शेजारी कोण आहे हे कोणत्याच इमारतीला सांगता येत नव्हतं. नाचायला गच्ची होती, पण चौदा दिवस आधी अर्ज करावा लागे. तिरडीबद्दल ह्यूस्टनने सामानाची लिफ्ट दाखवली. कोंबड्यांबद्दल सॅन फ्रान्सिस्कोने कळवलं की पाळीव जनावर दोनपर्यंत चालेल, मात्र त्याचं महिन्याचं भाडं वेगळं.

"कोंबडीला भाडं?" काकड्या म्हणाला.

"पण डॉक्टरची चिठ्ठी असली, की हे जनावर माणसाच्या मनाला आधार म्हणून लागतं, तर भाडं माफ," शेठने पुढचं वाचलं.

काकड्याने मान डोलावली. चाळीस पानांत त्याला पटलेली ही एकच गोष्ट.

शेवटी राहिली दाण्यांची परीक्षा. काकड्याच्या पाड्यात घराची जागा धरायची तर आदल्या संध्याकाळी त्या जागी पळसाच्या पानावर तांदळाचे पाच दाणे ठेवतात. सकाळी दाणे जागच्या जागी असले तर जमिनीने माणसाला हो म्हटलं. नसले तर दुसरी जागा बघायची, वाद घालायचा नाही. काकड्या म्हणाला, ही परीक्षा झाल्याशिवाय मी प्रत लावणार नाही. चौदाव्या मजल्यावर कसली आली जमीन, असं शेठ पुटपुटला, पण नाही म्हणायची त्याची छाती होईना.

दोन्ही कंपन्यांनी हर्षदाला शहर बघायला बोलावलं होतं आणि तिथे भाड्याने मिळतं तसल्याच घरात उतरवलं होतं. पळसाचं पान कुठून आणणार, तिने पालकाचं घेतलं. ह्यूस्टनला पाचही दाणे सकाळी जागेवर. सॅन फ्रान्सिस्कोला दाणे गेले ते गेलेच, पालकही गेला.

शेठला हे कळलं तेव्हा इथे संध्याकाळ होती. आठ दिवसांनी माणूस पोटभर जेवला. काकड्याच्या अंगणात येऊन "सुटलो रे काकड्या, जमिनीनेच नाही म्हटलं," म्हणत त्याने चालू फोन तसाच त्याच्या हातात ठेवला आणि बायकोला सांगायला आपल्या घरी गेला. धाकलीने तर देवापुढे नारळ काढून ठेवला. काकड्यालाही आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोला. पण त्याच्या मनात ते नख वळवळलं.

"हर्षूबाय," त्याने फोनवरच्या पोरीला विचारलं, "खिडकी उघडी होती?"

"इथली खिडकी उघडतच नाही, काका."

"उंदीर?"

"नाही हो. थांबा, घरच दाखवते." तिने फोन फिरवला. पांढऱ्या भिंती, पांढरी जमीन, एक सोफा. आणि त्या सोफ्याखालून एक काळं गोल ताट आपलं आपण सरपटत बाहेर आलं, भिंतीला जाऊन टेकलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि वळून दुसरीकडे गेलं. हर्षदाचं लक्षही नव्हतं. घर झाडायचं यंत्र ते, तिला त्यात काय नवल?

काकड्याने बघितलं. त्याच्या शेजारून धाकलीनेही बघितलं, आणि तिने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे गप राहा. आणि गप राहिला असता तर कोणाचं काय बिघडत होतं? पोरगी चार टनांच्या गावी सुखाने राहिली असती, शेठ जेवला असता, घर राहिलं असतं. मी असतो तर राहिलो असतो गप, देवाशपथ. पण हा चाळीस वर्षं दुसऱ्याच्या पेटीत कच्चा माल न घालणारा माणूस.

"बाय, दाणे जमिनीने नाही नेले. त्या ताटाने खाल्ले. ते बंद कर आणि परत ठेव."

धाकली उठून चुलीकडे गेली. त्या दिवशी तिने काकड्याला वाढलं, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाचही दाणे जागेवर होते. दोन्ही शहरं बरोबरीत आली आणि शेठने पुन्हा जेवण सोडलं. तेव्हा काकड्याने फोन मागितला आणि चाळीस पानांत नव्हता तो प्रश्न विचारला. "तुला कुठं राहायचंय?"

पोरगी म्हणाली, "इथे. महाग आहे, पण खाली रस्त्यावर उतरलं की समुद्राचा वास येतो, नरपडसारखा."

"मग सॅन फ्रान्सिस्को एक नंबर. ह्यूस्टन दोन नंबर. माल दोन्ही तयार."

हर्षदा म्हणाली, "काका, तुमच्यासाठी काय पाठवू इथून?"

काकड्या काही नको म्हणणार, एवढ्यात धाकलीने फोन ओढून घेतला. "आमचं घर पाठव, बाय. तुझं तिकडे झालं की आमचं इथलं जाणार. तुझ्या बापाला विचार."

हर्षदाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाप पैसे देणार एवढंच ती ऐकून होती, कुठला तुकडा विकून ते नाही. तिने लगेच शेठला बोलावून घेतलं. म्हणाली, "मी सध्या भाड्यानेच राहते, पप्पा, फ्लॅटचं मागाहून बघू. काकांना राहायला दुसरी जागा मिळेपर्यंत तो तुकडा विकायचा नाही. आणि जागा कशी, तर जिथे दाणे राहतील तिथे. मी इथे दोनदा ठेवलेत, तुम्हाला काय झालं?"

शेठने कबूल केलं. त्याला वाटलं, पाच दाण्यांचा तर प्रश्न आहे.

फेब्रुवारीत विहिरीजवळ दाणे ठेवले. गेले. सरावलीच्या रस्त्याला शेठचं एक रिकामं खळं होतं, तिथे ठेवले. गेले. तलासरीला भावाच्या शेजारी ठेवले, तर पहाटे धक्का बसला आणि पाच दाणे पाच दिशांना. ती एकच जागा जमिनीने स्वतः नाकारली म्हणायची. मे महिन्यापर्यंत नऊ जागा झाल्या. शेठ हर्षदाला दर वेळी कळवायचा, आजपण गेले. ती तिकडे बारा टन भरत होती आणि म्हणायची, "बघा पप्पा, दुसरी बघा."

दहाव्या जागेला शेठला कधी नव्हे तो संशय आला. "काकड्या, खरं सांग. दाणे जातात कुठे?"

काकड्याला विचारलं की तो सांगतो. "धाकलीची कोंबडी खाते. उजाडलं की धाकली तिला टोपलीत घालून घेऊन जाते."

"सरावलीपर्यंत?"

"रिक्षाने."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, शेठ. तिकडच्या जागेची प्रत मला लावायला सांगितली होती. माझ्या घराची कोणी सांगितली नाही."

शेठ काकड्याच्या अंगणात उभा राहिला. कोंबडी त्याच्या चपलेभोवती टिपत फिरत होती, चांगली माजलेली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पलीकडे समुद्राकडे, मग पुन्हा कोंबडीकडे.

"हिला महिन्याला भाडं किती लावू?" तो म्हणाला.

"डॉक्टरची चिठ्ठी आणली तर?"

"आण," शेठ म्हणाला आणि वळून चालायला लागला.

तो थट्टेत म्हणाला की खरंच, मला माहीत नाही. पण काकड्याला एखादी सरळ गोष्ट सांगितली की तो ती करतो. सोमवारी तो डहाणूच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहिला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर साठ माणसं खोळंबली होती, तरी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "कोंबडीने तुमचं दुखणं कोणतं थांबतं?"

काकड्या म्हणाला, "घर जाईल म्हणून छातीत धडधडतं. सकाळी ती अंगणात दिसली की थांबतं. अंगण आहे असं कळतं."

डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या लिहिल्या आणि त्याखाली, तशाच अक्षरात, लिहिलं: कोंबडी चालू ठेवणे.

तो केसपेपर काकड्याने शेठला दाखवला. शेठने चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि छापलेल्या चाळीस पानांबरोबर कपाटात ठेवून दिला. अकरावी जागा त्याने काही सुचवली नाही.