डावीकडून येणारे लोक

"डाव्या डोळ्यात ग्लॉकोमा आहे, बराच वाढलेला," डॉक्टर म्हणाल्या.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं स्वच्छ दिसत राहतं. आधी जाते ती कडेची नजर.

"गेलेली परत येणार नाही. उरलेली टिकवू."

मी त्रेपन्न वर्षांची. मंडईजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. स्वारगेटहून तिथे तीस वर्षं मी स्कूटरनेच जात होते. डॉक्टरांकडे गेले होते ती नुसता चष्म्याचा नंबर बदलायला.

त्या दिवशी पेरिमेट्री झाली, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी. एक डोळा झाकून यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या खुणेकडे बघायचं, आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला भराभर दिसले. डाव्याच्या वेळी मी नुसतीच बसून राहिले.

"अहो, यंत्र चालू केलंत का?" मी तिथल्या मुलीला विचारलं.

"चालूच आहे, काकू."

डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवताना कुणी एकदम पुढ्यात आलं, असं होतं का?"

"पुण्यात सगळे एकदमच येतात," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "ते येतच असतात. तुम्हाला दिसत नसतात."

बाहेरच्या बाकावर बसले आणि मला वानखडे आठवले.

दोन महिन्यांपूर्वी डावीकडे वळताना माझ्या स्कूटरने एका सायकलवाल्याला पाडलं होतं. ते वानखडे. मूळचे यवतमाळचे, इथे एका सोसायटीत वॉचमन. मनगट मोडलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबले, आणि सगळा वेळ बोलत राहिले. बघून चालवता येत नाही का, रस्ता काय तुमच्या एकट्याचा आहे का? ते एवढंच म्हणत होते, "चुकलं बाई माझं."

चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर नुसता नंबर काढून उठू नका. डोळ्यातला दाब आणि कडेची नजर, दोन्ही तपासून घ्या. गाडी चालवत असाल तर आधी घ्या. मला उशीर झाला, आणि तो वानखड्यांना भोवला.

दुसऱ्या दिवशी बसने त्यांच्या सोसायटीत गेले. प्लास्टर निघालं होतं. सायकल मात्र जिन्याखाली कुलूप लावून ठेवलेली. ते आता चालत कामावर येत होते.

"गाड्यांचा अंदाज येत नाही मले आता," ते म्हणाले. "वय झालं."

मी सगळं सांगितलं. माझा डोळा, ती तपासणी, डॉक्टर काय म्हणाल्या ते.

त्यांनी आपलं मनगट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी बरोबर होतो?"

"पूर्ण बरोबर होता."

"किती रागावल्या होत्या तुम्ही."

मी हात जोडले. "माफ करा."

"घरी सांगतो आज. बायको रोज बोलते मले त्याच्यावरून." मग थांबून त्यांनी विचारलं, "गाडी?"

"सोडली."

त्यांनी मान डोलावली. बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे होता. ते फाटकाला कडी लावून माझ्याबरोबर निघाले. मी काही म्हटलं नव्हतं, पण रस्ता ओलांडताना ते माझ्या डाव्या बाजूला आले, आणि पलीकडे पोचेपर्यंत तिथेच राहिले.