कुंपणापाशी उखडलेलं गवत

ला सिएनागा गावचं बेसबॉलचं मैदान वीस वर्षं लेओकादिओच राखत होता. सामन्याच्या दुसऱ्या सकाळी दाताळं घेऊन तो माती सारखी करायचा, आणि कोण कसं खेळलं ते त्याला जमीनच सांगायची. पेपरवाले काय, वाट्टेल ते छापतात!

या मोसमात त्याचा मुलगा आन्येलो पिचर म्हणून सलग नऊ सामने जिंकला. गावभर उदो उदो चाललेला. न्हावी तर त्याच्याकडून दाढीचे पैसेही घेईना. पण आन्येलोनं चेंडू टाकले की दुसऱ्या सकाळी पार कुंपणापाशी गवत उखडलेलं दिसायचं. एरवी तिथे कोण मरायला जातंय? फलंदाज पोराला झोडत होते, आणि साखर कारखान्याच्या मालकानं पैसा ओतून आणलेले तिघे क्षेत्ररक्षक सूर मारून चेंडू झेलत होते. कधी वाराही साथ द्यायचा. नाव मात्र पोराचं.

जानेवारीत मालकानं हात आखडता घेतला आणि ते तिघे गेले. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका संघाचा माणूस आन्येलोसाठी करार घेऊन आला. सहीला मुदत शनिवारपर्यंत.

"रविवारी दहावा सामना जिंकतो, मग दुप्पट मागतो," आन्येलो म्हणाला.

"आजच सही कर, बाळा. फलंदाज तुला झोडतात रे, कुंपणापाशी उखडलेलं गवतच सांगतं, आणि आता झेलणारे ते तिघेही नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, तीही शनिवारपर्यंतच."

"मग नऊ सामने काय गवतानं जिंकले, पापा?" आन्येलो हसला. "जन्मभर माती उकरलीत, तुम्हाला मातीच दिसणार!"

लेओकादिओला ते फार लागलं, आणि तो दाताळं उचलून मैदानाकडे निघून गेला. तिथेच चुकलं त्याचं. मानापमान कसले घेऊन बसतोस, बाबा? हाताला धरून सही करायला लावायची! शनिवार तसाच गेला.

रविवारी मैदान खच्चून भरलं होतं, ढोल वाजत होते. पहिल्याच फलंदाजानं उंच टोला हाणला. आवाज ऐकूनच लेओकादिओनं कुंपणाकडे पाहिलं. आन्येलोनं मागे वळूनही पाहिलं नाही. झेल घ्या रे, म्हणून ऐटीत एक बोट तेवढं वर केलं.

मागे नवा क्षेत्ररक्षक जागचा हललाही नव्हता. चेंडू कुंपणापलीकडे पडला, ढोल थांबले, आणि आन्येलोचं बोट अजून वरच होतं. लेओकादिओला ओरडावंसं वाटलं, खाली घे रे बाळा, सगळे बघताहेत.