पुंजाजीसाठी तीन शब्द

आसेगावच्या फाट्यावर पुंजाजीचं पंक्चरचं दुकान होतं तेव्हा घाईचा माणूस तिथे हमखास अडकायचा. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधता शोधता पुंजाजी गिऱ्हाइकाच्या मावशीच्या गावापर्यंत पोचलेला असे. हवा भरून झाली तरी गाडीच्या चाकावरचा त्याचा हात निघत नसे, कारण गोष्ट अर्धी राहिलेली असायची. मग त्याची बायको केशरबाई मागच्या खोलीतून ओरडायची, "जाऊ द्या ना त्याले. त्याच्या घरी बी मान्सं हायेत."

केशरबाई गेली. मुलगा अनुप चाकणला कंपनीत आहे, एका खोलीत चौघं राहतात. तो बापाला येऊन राहा म्हणतो, पण झोपायचं कुठे ते सांगत नाही. नव्या गाड्यांना ट्यूबच नसते, म्हणून दुकानही बंद पडलं.

गेल्या दिवाळीनंतर पुंजाजी वाशीमला माझ्या घरी आला. मीही त्याचं जुनं गिऱ्हाईक; शाळेत इंग्रजी शिकवायचो, हे त्याच्या लक्षात होतं. पुण्यातली एक संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे सोबतीला माणूस देते. तिथल्या एका निवृत्त कानडी साहेबांकडे जागा निघाली होती. साहेबांची मुलगी परदेशात; माणूस तीच निवडणार होती, आणि तिला मराठी येत नव्हतं. फोनवर तिच्यासमोर, आपण कसे आहोत ते तीन इंग्रजी शब्दांत सांगायचं होतं; बाकीचं संस्थेच्या बाई समजावून देणार होत्या.

"पैशाची अडचण आहे का, पुंजाजी?"

"नाही सर. घरात दुसरं मानूस पाह्यजे. टीव्ही लावून पाह्यला. तो सांगते लय, पन आपलं आयकत नाही."

मी त्याला 'पेशंट' हा शब्द दिला. दवाखान्यातला नव्हे, न चिडणारा, धीराचा, असं समजावलं.

पुंजाजी विचारात पडला. "मी चिडखोर आहो का नाही, मले काय माहीत? चिडायले कोन हाये घरात?"

"मग जेनरस म्हणा. सढळ हाताचा."

"कोनाले देऊ? दोन भाकरी करतो, दोन खातो."

तो थट्टा करत नव्हता. खोटं सांगून नोकरी नको होती, आणि खरं काय ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. माझी सारी नोकरी हे शब्द फळ्यावर लिहिण्यात गेली. आळशी, उदार, हट्टी, प्रेमळ. मुलं शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून ते पाठ करायची. पुंजाजीच्या बाजूला कोणी बसलेलंच नव्हतं.

शेवटी त्यानेच विचारलं, "बडबड्याले काय म्हनते?"

"टॉकेटिव्ह."

पहिल्याच झटक्यात त्याने तो नीट उच्चारला. चेहरा खुलला. "हा माहा हाये. केशर रोज म्हने मले." मग जरा थांबून म्हणाला, "पन संस्थेच्या बाई सांगून राह्यल्या, साहेबाले शांत मानूस पाह्यजे. पयला लय बोले म्हनून काढला. शांतले काय म्हनते, सर?"

"क्वाएट."

तो शब्द काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना. सरावाला म्हणून यायचा, दोनदा म्हणायचा आणि कारंज्याच्या बाजारात भेटलेल्या कोणाची तरी हकीकत सुरू करायचा. चहा निवून जायचा.

फोन माझ्याच घरून लावला. पुंजाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पडद्यावर मुलगी दिसली. नम्र होती, पण डोळे थकलेले. तिने विचारलं.

"ऑनेस्ट," पुंजाजी म्हणाला. "हेल्पफुल."

आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात कोणता शब्द आहे ते मला दिसत होतं. तो बाहेर पडला असता, तर संध्याकाळच्या एसटीने आसेगावला त्याच बंद घराचं कुलूप काढायचं होतं.

"काका, तिसरा?" संस्थेच्या बाई म्हणाल्या.

"क्वाएट." इतकं हळू, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. मुलगी पहिल्यांदा हसली.

फोन बंद झाल्यावर त्याने शर्टाची वरची गुंडी सोडली. मग म्हणाला, "केशर असती त पदर तोंडाले लावून हासली असती."

पुंजाजी पुण्याला गेला. रविवारी दुपारी साहेब झोपले की बाल्कनीतून मला फोन करतो, दबक्या आवाजात. सुरुवातीला सांगण्यासारखं खूप असायचं: लिफ्ट, शेजाऱ्यांची कायम बंद दारं, दारात घंटा वाजवून भाजी ठेवून जाणारा पोऱ्या. साहेब दिवसभरात 'टी', 'पेपर', 'लाइट' एवढंच बोलतात, म्हणाला. हळूहळू त्याचे फोन आखूड होत गेले. आता मीच विचारतो आणि तो 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. मध्ये थांबला की मला वाटतं, फोन कटला.

परवाच्या रविवारी मी म्हटलं, "पुंजाजी, जमत नसेल तर या परत. इथे मी आहे ना बोलायला."

"तुमी वाशीमले, सर. मी आसेगावले."

ते खरं होतं.

"पहाटे बाजूच्या खोलीतून साहेब खोकलते," तो म्हणाला. "मी उठून गरम पानी देतो. ते पेला घेते. बोलत नाही काही. पन मी येईपरेंत साहेब दिवा लावून बसून राहते."

आतून काही आवाज झाला असावा. "ठेवतो, सर," म्हणाला, आणि फोन ठेवला.