धुऱ्यावरून

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी बीपीची गोळी चुकली तरी चेहऱ्यावरून कळतं. तुम्हाला का सांगतोय? खास असं कारण नाही. लपवून लपवून कंटाळलो, एवढंच.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला मराठी शिकवतो. अजूनही. माझी सगळी ओळख म्हणजे माझा 'साचा'. दोन कवितांची तुलना करा म्हटलं की पोरं गांगरतात. आधी एका कवितेचा अर्थ लिहितात, मग दुसरीचा, आणि तुलना राहूनच जाते. त्यावर मी उपाय काढला. सुरुवातीला दोन्ही कवितांचा विषय एका वाक्यात, मग साम्य, मग फरक, प्रत्येक फरकाला दोन्हीकडची एकेक ओळ, आणि शेवटी 'म्हणूनच दोन्ही कविता मनाला भावतात.' नाही भावल्या तरी भावतात, असं मी सांगायचो आणि वर्ग हसायचा. साचा वाईट नव्हता हो. त्याच्या झेरॉक्स पार साकोलीपर्यंत गेल्या, आणि त्या झेरॉक्सचा मला माज चढला.

आणखी एक माज होता — भाषेचा. मी मूळचा इथल्याच करडी गावचा. घरी 'मले', 'तुले', 'काहून'. आईला दुसरं काही येतच नव्हतं. पण शाळेच्या फाटकातून आत शिरलो की मी असं बोलायचो की नवे शिक्षक विचारायचे, सर, तुम्ही पुण्याकडचे का? मी नाही म्हणायचो. पण जरा थांबून म्हणायचो. ते थांबणं मला आवडायचं.

आता मूळ गोष्ट. बरीच वर्षं झाली तिला.

प्रतिमा नावाची मुलगी होती वर्गात. करडीचीच. तिची आई आणि माझी आई भाताच्या रोवणीला एकाच टोळीत जायच्या. प्रतिमा दर शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतःची एखादी कविता आणून दाखवायची, आणि मी वाचेपर्यंत दाराशी उभी राहायची. सराव परीक्षेत मी रोवणीवरच्या दोन कविता तुलनेला दिल्या होत्या. एकीत सगळीकडे हिरवंगार, दुसरीत दुखऱ्या कमरा. प्रतिमानं साचा बाजूला ठेवला आणि लिहिलं — 'पहिला कवी धुऱ्यावरून बोलतो, दुसरा बांधीत उतरून बोलतो.' धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध, आणि बांधी म्हणजे दोन धुऱ्यांमधलं चिखलाचं वावर. सगळी तुलना त्या एका वाक्यात आली होती. पेपर तपासताना मी ते दोनदा वाचलं. मला ते फार आवडलं होतं — हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कळलं नव्हतं असं तुम्हाला वाटायला नको. पण साच्यात बसत नव्हतं, म्हणून गुणांची जागा कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या तपासणीला बाहेरून एक साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. साच्याचं कौतुक व्हावं म्हणून मी पेपर वाटून पोरांना उत्तरं वाचायला लावत होतो. साहेबांनी मधेच प्रतिमाकडे बोट केलं, हिचं ऐकू या म्हणाले. तिनं वाचलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. धुरा तर खांद्यावर घेतात, म्हणाले — संस्थेची धुरा, घराची धुरा. धुऱ्यावरून कोणी बोलेल कसं? आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काय लागत होतं तिथं? 'बांध' — एवढा एक शब्द. मी म्हणालो, शब्दाचा अर्थच कळलेला नाही तिला साहेब, ही मुलं ऐकलेला शब्द कुठेही घुसडतात.

प्रतिमा अजून उभीच होती. तिला राग आला नव्हता. तिला वाटलं असावं, सर विसरले, आठवण करून द्यावी.

"सर, तुमच्या घरी काय म्हणतेत धुऱ्याले?"

"आमच्या घरी असा शब्द नाही," मी म्हणालो. "बस खाली."

साहेब हसले. त्यांच्यासोबत मी हसलो. पोरं नाही हसली — अर्धा वर्ग धानकरी घरातला, त्यांना काय माहीत नव्हतं? प्रतिमा माझ्याकडे पाहत सावकाश बसली. संध्याकाळी तिचा पेपर परत घेऊन कोऱ्या जागेत मी काठावरचे गुण भरले आणि तिच्या वाक्याखाली लाल शाईनं लिहिलं, 'शब्दप्रयोग चुकीचा.' हे लिहिताना समोर कोणी साहेब नव्हता. मी एकटाच होतो.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. नंतरही कधी कविता आणली नाही. मीही विचारलं नाही — कोणत्या तोंडानं विचारणार? बोर्डाच्या परीक्षेत तिनं साचा जसाच्या तसा वापरला असणार. गुण उत्तम पडले. ती पेढे घेऊन आली, मी खाल्ले.

परवा मोहाडीच्या बाजारात भेटली. भर गर्दीत वाकून पाया पडली. तिची मुलगी यंदा दहावीला आहे.

"पोरगी मनानंच लिवून राहिली होती सर," ती म्हणाली. "मी म्हटलं, नोको. सरायच्या साच्यातच लिव, मार्क जातेत."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती विसरली असेल का? की विसरली नाही, म्हणूनच पोरीला जपते आहे? हातात वांग्यांची पिशवी घेऊन मी तिथं उभा होतो. निदान परवा तरी बोलता आलं असतं. अडवणारा कोण होता?

मी म्हणालो, "बरोबर सांगितलंस."

ती बरं म्हणाली आणि निघून गेली.

धुरा म्हणजे बांध. आई त्यावर शिदोरी सोडायची आणि चिखलाचे हात पदराला पुसून मला भाकर मोडून द्यायची. आमच्या घरी तो शब्द होता.