गेंदलालनं ओळखलेले हात

मी लग्न होऊन आले त्या दिवशी माझा दीर गेंदलाल पंगतीत वाढत होता. माझ्या पानात भात वाढला, पण मान वर केली नाही. मला वाटलं, भारी घमेंडी दिसतो. नंतर कळलं, ती सासऱ्यांची शिस्त. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की माणूस लाजून अर्धपोटी उठतो, म्हणून वाढणाऱ्यानं हात पाहायचा.

पुढे तो जहाजावर स्वयंपाकी झाला. एकदा भर समुद्रात चाचे चढले. दोन महिने जहाज त्यांच्या ताब्यात होतं, आणि गेंदलालच त्यांना रांधून वाढायचा. तोंडावरची फडकी ते जेवतानाही ओठांपुरतीच उचलत. जहाजावरच्या रत्नागिरीच्या इब्राहिम मिस्त्रीला त्यांच्यातल्या एकानं गोळी घातली. शेवटी चाचे होडीतून पळताना नौदलानं त्यांतले पाच जण धरले. ते म्हणाले, आम्ही मासे पकडणारे कोळी.

गेंदलाल घरी आल्यावर मी विचारलं, "काऊन रे, असल्या चाच्यायले पोटभर काऊन वाढलं?"

"उपाशी माणूस लवकर गोळी घालते, वहिनी."

खटला मुंबईच्या कोर्टात चालला. बाकीच्या खलाशांना त्या पाचांतलं कोणीच ओळखता येईना. गेंदलालही चुकला असता तर इब्राहिमला मारणारा सुटला असता. त्याची बायको त्याला एकट्याला जाऊ देईना, म्हणून सोबत मी गेले.

चाच्यांच्या वकिलानं विचारलं, "तोंडं झाकलेली होती ना? मग ओळखणार कसे?"

"तोंड कोनं पाहिलं साहेब? मी भात वाढून राहिलो होतो. हात पाहिले."

वकील हसला. "मग हातच ओळखून दाखवा!"

जज साहेबांनी ते मान्य केलं. चाच्यांच्याच देशाचे आणखी सात कैदी आणले. पडद्याआडून बारा जणांचे हात पुढे आले. गेंदलाल पंगतीतून फिरावं तसा चालला. "हा डावखोरा, डाव्या बोटायले घट्टे हायेत. याची करंगळी वाकडी. हा डाळ नको म्हणून असा पंजा आडवा धरे." एका हातापुढे थांबला. "यानं इब्राहिमले मारलं. गोळी घातली तवा बंदुकीवरच्या अंगठ्याचं नख असंच चिरलेलं होतं."

पाचच्या पाच बरोबर. वकील खाली बसला.

निकालानंतर गोंदिया स्टेशनवर गाववाले हार घेऊन आले. गेंदलाल चिडला. "मले कायले? मिस्त्रीच्या बाईले पाठवा."

हार रत्नागिरीपर्यंत टिकले नसते. मी चौथी शिकलेली, म्हणून पत्र मीच लिहिलं: "पाचही जणांना जन्मठेप झाली. तुमच्या माणसाला मारणारा त्यात आहे." खाली गेंदलालनं सही केली.